दसऱ्याचा बार

आमच्या घरी दसऱ्याला पाटावर कोयती, कुऱ्हाड, पहार मांडतात आणि मधोमध सासऱ्यांचं रिव्हॉल्वर. विलायती आहे, कमरेत मोडून उघडतं. सासरे आंब्याचा धंदा करायचे, रोकड घेऊन पार दाभोळपर्यंत जायचे, म्हणून त्यांनी लायसन काढून ते घेतलं होतं. माणसावर त्यांनी कधी रोखलं नाही हो. पण दसऱ्याची पूजा झाली की परसामागच्या जुन्या चिरेखाणीच्या भिंतीत एक बार काढायचे. बार ऐकला की वाडी समजायची, यांची पूजा आटपली, आणि माणसं सोनं घेऊन यायला लागायची. कायद्यात हे बसतं का, ते कधी कुणी विचारलं नाही. सासऱ्यांनंतर आमचे हे बार काढू लागले. बायकांनी तेवढा वेळ माजघरात कानात बोटं घालून बसायचं. लग्न होऊन आले तेव्हापासून मीही बसत आले.

हे गेले आणि प्रश्न आला, लायसन कुणाच्या नावावर करायचं? मुलगा डोंबिवलीला. दीर शेजारच्याच घरात, पण म्हणाले, पोलीस ठाण्याच्या फेऱ्या मला जमायच्या नाहीत. मग उरले मी. पोलिसांनी मैदानावर नेऊन मला ते उघडायचं कसं, भरायचं कसं, दोन्ही हातांनी धरायचं कसं, सगळं शिकवलं. निवडणूक लागली की कापडी पिशवीत घालून एसटीने रत्नागिरीला न्यायचं, जमा करायचं, निकाल लागला की परत आणायचं. हवालदार म्हणाले, "आलात काय आजी? आणलंत पिस्तूल?" की बाकड्यावरची माणसं आधी माझ्याकडे बघणार, मग पिशवीकडे. आमच्या कातळी सड्यावर पावसाळ्यात भिंतीसुद्धा घाम गाळतात, तिथे लोखंडाचं काय? शिवणयंत्राचं तेल घेऊन मी ते पुसायची, कापूस काडीला गुंडाळून नळीत फिरवायची.

पण दसरा उजाडला की तेच रिव्हॉल्वर मला परकं. विधवेच्या हातचं गंध शस्त्राला चालत नाही म्हणे. तेल मात्र चालतं! दीर सोवळं नेसून यायचे, रिव्हॉल्वरला गंध लावायचे आणि मग ताम्हनात मांडलेल्या काडतुसांना, एकेकाला, अगदी बुडावरच्या टिकलीवर ओलं गंध आणि वर अक्षता चिकटवायचे. ती टिकली ठोकली गेली तरच बार निघतो. मी एकदा आतून म्हटलंही, "भावोजी, काडतुसांना ओलं नका लावू."

"वहिनी, पूजेतलं तुम्ही नका सांगू."

मी माजघरात जाऊन कानात बोटं घातली. बारही आता तेच काढायचे.

गेल्या वर्षी मुलगा दसऱ्याच्या आदल्या दिवशी आला, तो पुण्याचे एक गृहस्थ बरोबर घेऊन. जुनी हत्यारं जमवतात, त्यातले जाणकार. त्यांनी पांढरे हातमोजे चढवले आणि रिव्हॉल्वर असं उचललं, जसं बाळंतिणीकडून मूल घेतात. भिंग लावून आकडे वाचले, मूठ निरखली. म्हणाले, "असं आता बघायलाही मिळत नाही. तुम्ही एक काय ते ठरवा. वाजवायचं तर वाजवा, जपायचं तर जपा. पोलाद जुनं आहे. एका बारात चीर गेली तर संपलं."

मुलाला ठरवायला घोटभर चहाएवढाही वेळ लागला नाही. जपायचं. आतली पिन काढून, रीतसर निकामी करून, डोंबिवलीच्या घरात काचेच्या पेटीत ठेवायचं. कागद तो तयारच करून आला होता.

"आई, तू फक्त सही कर."

"करते," मी म्हटलं. "पण उद्याचा बार मी काढणार."

दीर हसले. "वहिनी, बार उडवायला निघालात की स्वतः उडायला?"

"आई, अगं तुझं वय काय!"

"वय झालंय म्हणूनच म्हणते. लायसन कुणाच्या नावावर आहे रे?"

पुणेकर गृहस्थ खिडकीबाहेर बघत राहिले. मुलाने दिराकडे बघितलं. शेवटी म्हणाला, "एकच. आणि मग सही."

मला त्या रात्री काय वाटत होतं ते सांगून समजायचं नाही. इतकी वर्षं ज्याची नळी पुसली त्याचा आवाज मी बोटं घातलेल्या कानांनीच ऐकला होता. तो एकदा माझ्या हातून निघावा, एवढंच.

दसऱ्याला पूजा झाली. दिरांनी ताम्हनातलं एक काडतूस उचलून माझ्या हातावर ठेवलं, गंधासकट. खाणीशी वाडीतली माणसं जमलेली, बायकासुद्धा. मी पदराने काडतूस पुसलं, भरलं, दोन्ही हातांनी धरलं, चाप ओढला.

टक.

शिकवलं होतं तशी नळी भिंतीकडे धरून थांबले. काडतूस फिरवून परत नळीसमोर आणलं, पुन्हा ओढला. टक. कुणीतरी फिसकन हसलं.

"हात लागला ना," दीर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "शस्त्राला कळतं हो."

"बरंच झालं," मुलगा म्हणाला. "देवानेच जपलं."

मी ते उघडून काडतूस काढलं. वर्षानुवर्षांच्या गंधाच्या पुटाखाली टिकली हिरवी पडून खाल्ली गेली होती. मुलासमोर धरलं, "बघ, हे गंधाने झालंय." तो म्हणाला, "असू दे गं आता." सोनं द्यायला माणसं आली, पाया पडली. एकीने हळूच विचारलं, "काकू, कशाला हो मेलं ते तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सही करायची होती. दीर उठसूट वानरांवर काडतुसं उडवतात म्हणून थोडी मी माझ्या कपाटात साड्यांखाली ठेवून दिली होती. ती पाटावर कधी गेलीच नव्हती. सगळे चहाला बसले तेव्हा मी त्यातलं एक घेतलं आणि मागच्या दाराने खाणीवर गेले.

बार निघाला. केवढा मोठा! कलमांवरून वानरं उड्या टाकत पळाली, चिऱ्याची लाल भुकटी माझ्या तोंडावर आली. हाताला असा झटका बसला की मनगटातून कळ खांद्यापर्यंत गेली. आनंद झाला का? आदल्या दिवशी झाला असता.

मुलगा धावत आला, मागून दीर. मुलाने माझ्या हातातून रिव्हॉल्वर काढून घेतलं, उघडलं, उन्हात धरून फिरवलं. काडतुसं बसतात त्या गोल भागाला केसाएवढी चीर गेली होती.

"आई, काय केलंस हे! गेलं सगळं!"

"तरी मी सांगत होतो," दीर म्हणाले.

पुणेकर गृहस्थ चहा अर्धा टाकून निघून गेले. सहीचा कागद टेबलावरच राहिला. मुलगा दिवसभर पडवीत बसून मोबाइलचा उजेड पाडून त्या चिरेचे फोटो काढत होता, कुणाकुणाला पाठवत होता. संध्याकाळी त्याला चहा द्यायला गेले तर कप माझ्या हातातून निसटला. तेव्हा त्याने वर बघितलं. मनगट सुजून पुरीसारखं टम्म झालं होतं.

"अगं, हे कशाने झालं?" त्याने विचारलं.