भिवराबाईनं दुपटं सोडलं

भिवराबाईनं आपल्या हातानं गावातली लई लेकरं न्हाऊ घातली होती. न्हाणं झालं की ओव्याची धुरी, मग दुपट्यात गच्च बांधायचं. नाकाचा शेंडा तेवढा बाहेर. दुष्काळानं गाव रिकामं झालं, तेव्हा लेकासुनेसंगं तीही कारखान्याच्या ऊसतोडीला आली, नातू सांभाळायला.

नातू दोन महिन्यांचा. त्याला सर्दी झाली, तशी तिनं धुरी वाढवली आणि बांधणं आणखी आवळलं. त्या सकाळी सून सरस्वती फडात निघता निघता म्हणाली, "आत्याबाई, तोंडात घेतंय अन् सोडतंय. दूधच पीत न्हाई."

"नाक चोंदलंय. जा तू, मुकादम बोंबलंल."

पण म्हातारीचं बूड काही टेकेना. पाचटाच्या कोपीतून बाहेर, बाहेरून आत. तेवढ्यात शेजारची दगडाबाई सुईला टोचलेला बिब्बा तापवूनच आली. "पोटात आलंय त्याच्या. चटका दे, उतरंल."

भिवराबाईला त्यात वावगं वाटलं नाही. तिच्या लेकाच्या, पंडितच्या पोटावरही असले डाग होते. चटक्याला पोट मोकळं करायला म्हणून तिनं दुपटं सोडलं.

आणि हात तसाच राहिला. श्वास भराभर चालला होता. दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता, नाकपुड्या फुलत होत्या. हे सगळं तिनंच बांधून झाकलं होतं.

"धर की पाय, बिब्बा निवतोय."

"निवू दे. ह्याला दम पुरंना, अन् तू भाजतीस व्हय?"

लेकरू उराशी धरून ती फडात गेली. मुकादम आसाराम आडवा आला. "गाडी भरायची हाय, मावशे."

"मग भर," म्हणत तिनं सुनेचा कोयता त्याच्या हातात दिला अन् तिला संगं घेतलं. पंडित रस्त्यावर जीप थांबवायला पुढं पळाला.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला, नाक साफ केलं, आईचं दूध नळीनं थोडं थोडं पाजलं. नर्सबाई म्हणाल्या, "विषाणूनं छातीतल्या बारीक नळ्या सुजल्यात. याला औषध असं नसतं. श्वासाला आधार द्यायचा, दूध पोटात जाऊ द्यायचं. धुरी मात्र बंद."

"सुई न्हाई, गोळी न्हाई. मग आमी येवढं आलो कावून?"

"बिनधुराच्या हवेला, आजी."

अशी तोडीस तोड बोलणारी भिवराबाईला क्वचितच भेटे. दिवसभर ती त्या उघड्या छातीकडं बघत राहिली. डोळं मिटलं तर खड्डा वाढंल, असं तिला वाटे. दिवस कलता कलता मांडीवरचं लेकरू मुतलं, मांडी ओली झाली. लुगडं झाडायचं सोडून तिनं बाईंना बोलावून ती ओल दाखवली.

"दूध पोटात ठरतंय," बाई म्हणाल्या. "चांगलंय. पण रातभर लक्ष ठेवू."

म्हातारी पुन्हा छातीकडं बघायला लागली.