वारा वर, पवनचक्क्या खाली

ग्रीसवाल्याला त्या पवनचक्क्यांकडे बघितलं तरी शिसारी यायची. टेकडीच्या आडोशाला रांगेने उभ्या, आणि महिन्यातले बहुतेक दिवस ढिम्म! न फिरणाऱ्या चाकांना ग्रीस फासायचं, ही त्याची नोकरी.

त्याचं घर वर माथ्यावर होतं. तिथं वारा असा की दाराला धोंडा लावल्याशिवाय चूल पेटायची नाही. बायको करवादायची, पण दमेकरी आईला तिथंच मोकळा श्वास यायचा. कंपनीने त्याच्या अंगणात उंच खांब रोवून वर्षभर वारा मोजला. साहेब म्हणाले, "असा वारा शोधून सापडत नाही. जागा द्या, नोकरी घ्या, खाली खोली घ्या." त्याने दिली. घर पाडलं, कुंपण घातलं. आणि मग साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला की वर रस्ता करायचा, विजेची तार न्यायची, म्हणजे केवढी उस्तवार! खाली रस्ता आहे, तार आहे, शिवाय साहेबांच्या मेव्हण्याची पडीक जमीन आहे. झालं, चक्क्या खालीच ठोकल्या. "पाती लांब लावलीत, कमी वाऱ्यातही फिरतील," साहेबांनी ठणकावून सांगितलं. डोंबल फिरतायत!

खालच्या खोलीत हवा कशी ती हलायची नाही; खिडकी उघडली तर डास तेवढे यायचे, म्हणून ती लावलेलीच असायची. आई पंख्याखाली उशीला टेकून बसायची आणि रोज विचारायची, "आपण घरी कधी जायचं रे?" बायको आता वाऱ्याला नावं ठेवत नव्हती.

त्या दिवशी कंपनीत पैसा घालणारे पाहुणे यायचे होते, आणि चक्क्या मेल्यागत उभ्या. साहेब म्हणाले, "तारेवरची वीज उलटी चक्क्यांत घे आणि पाती फिरव. खोल्यांची लाइन काढ, नाहीतर पुरायची नाही."

"साहेब, आई आहे हो घरी. पंखा थांबला की तिला धाप लागते."

"अर्ध्या तासात कोणी मरत नाही. नोकरी हवीय ना?"

त्याने खटका ओढला. स्वतःच्या हाताची किळस आली त्याला. वाऱ्याचा पत्ता नाही आणि पाती मात्र फिरायला लागली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. तो तसाच ग्रीसच्या हातांनी खोलीकडे धावला.

आई घामाने निथळत होती, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. बायको पुठ्ठ्याने वारा घालत होती. पण आईची नजर काचेबाहेरच्या पात्यांवर होती आणि चेहरा कधी नव्हे तो फुलला होता.

"वारा सुटला बघ," ती धापा टाकत म्हणाली. "मग खिडकी का लावून घेतलीय? उघड ना."

त्याने खिडकी उघडली.