शुक्रवारचा वॉल्ट्झ
मुलगी कॉलेजसाठी पुण्याला गेली आणि सौदीतल्या अल-खोबरच्या आमच्या फ्लॅटमध्ये दोघंच उरलो. त्यातच प्लँटचं शटडाऊन लागलं, म्हणजे सगळं बंद करून दुरुस्ती. बारा-बारा तासांची ड्युटी, सुट्टी फक्त शुक्रवारी. तो शुक्रवार मी झोपून काढायचो.

एका शुक्रवारी बायकोने पडदे सारले.

"अहो, उठा. चारला कंपनीच्या कंपाउंडमधल्या हॉलमध्ये जायचंय. वॉल्ट्झ शिकायला."

"काय शिकायला?"

"नाच. मी नाव देऊन आलेय, दोघांचं."

"मला उभं राहवत नाही गं."

"आणि मला दिवसभर एकटीला घरात बसवत नाही," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच मी उठलो.

शिकवणारी बाई ऑस्ट्रियाची होती, आमच्या टर्बाइनच्या तज्ज्ञाची बायको. वय साठीच्या पुढे, पाठ ताठ. आम्ही पाच जोडपी, आणि पुरुष सगळे माझ्यासारखेच सुजलेल्या डोळ्यांचे. तिने आम्हाला आधी खाली बसवलं.

"हा राजवाड्यातला नाच नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "आमच्याकडच्या डोंगराळ गावांतल्या शेतकऱ्यांचा. दिवसभर राबून आलेली माणसं अंगणात जड बूट घालून नाचायची. पाय आपटायचे, उड्या मारायचे, जोडीनं गरागरा फिरायचे. नावाचा अर्थच मुळी गिरकी घेणं. पुढे हा नाच शहरात, गुळगुळीत लाकडी फरशीवर आला. बूट हलके झाले, उड्या गेल्या, पावलं सरकायला लागली."

"आणि मोठ्या घरांतले लोक?" बायकोने विचारलं.

"आधी चिडले. तोवर त्यांच्याकडे नाचताना नुसती बोटं धरायची पद्धत होती. इथे पुरुष बाईच्या पाठीला हात लावतो म्हणजे काय! तरुण पोरं ऐकेनात. मग म्हातारेही चोरून शिकले."

आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. तरी चार लोकांसमोर तिच्या पाठीवर हात ठेवताना मला घाम फुटला. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. पहिलं पाऊल जोरात, पुढची दोन हलकी. माझी तिन्ही जड पडत होती. तिच्या अंगठ्यावर दोनदा पाय दिला.

पुढच्या शुक्रवारी बाईंनी संगीताची गती कमी केली. इंग्लंडात जाऊन हा नाच संथ झाला, म्हणाल्या, दमलेल्या इंजिनिअरांना तोच बरा. तो मला थोडा जमला. उजवीकडची गिरकी यायला लागली, डावीकडची काही केल्या येईना.

तिसऱ्या शुक्रवारी मला गरगरलं. पाच मिनिटं टेकतो म्हणून खुर्चीत बसलो आणि तिथेच झोप लागली. जाग आली तेव्हा बाकीचे पुरुषही बसले होते. माझी बायको त्या बाईंबरोबर नाचत होती, जुन्या वेगवान चालीवर. पुरुषाची पावलं बायकोच टाकत होती. केस सुटले होते, आणि ती हसत होती. असं हसताना तिला मी किती महिन्यांत पाहिलं नव्हतं, ते आठवेना.

गाडीत मी म्हणालो, "उठवायचं ना मला."

"हाक मारली दोनदा. मग म्हटलं, झोपू दे."

कॉर्निशवरून, समुद्राकाठच्या रस्त्यानं येताना ती काचेवर बोटांनी ताल धरत होती. मला वाईट वाटत होतं.

शटडाऊन संपलं. बाईंच्या नवऱ्याचा करार संपला, ती दोघं मायदेशी परत गेली. आता आमच्याच बिल्डिंगमधल्या सहा-सात बायकांना माझी बायको शिकवते, आमच्या हॉलमधला सोफा भिंतीला लावून. त्यात रत्नागिरीकडच्या एक मावशी आहेत, सगळ्या त्यांना खाला म्हणतात, बुटक्या, जाड. त्या सगळ्यांत छान फिरतात.

मला अजून डावीकडची गिरकी येत नाही. कामावरून आलो की बायका आवरत असतात. कधी ती हात पुढे करते, "या, एकच." सेफ्टी शूज दाराशी काढतो आणि मोज्यांवरच उजवीकडे फिरतो, तिला पुरे होईपर्यंत.