गीझर तापेपर्यंत

मुलुंड पूर्वेच्या त्या सोसायटीत सकाळचं पाणी भरून झालं, की विद्याधर नेरूरकर खाली उतरायचे. हातात चहाचा थर्मास, खिशात पेन, बगलेत पेपर. फोन वर, फ्रिजवर पालथा. बदामाच्या झाडाखालच्या बाकावर ते बसतात न बसतात तोच 'बी' विंगमधून राजाराम गवाणकर यायचाच.

हा नियम दोघांनी मिळून केला होता. बायको गेल्यावर विद्याधरांना डोळे उघडल्याबरोबर फोन चाळायची सवय लागली होती. बातम्या, भांडणं, कुठल्याशा ग्रुपवरची श्रद्धांजली. बीपी वाढलं. डॉक्टर म्हणाले, सकाळी उठल्या उठल्या फोन नको. राजारामाने लगेच साथ दिली. "मीपण सोडतो. एकटा कशाला सोडतोस? पेपरातलं शब्दकोडं सोडवू दोघं. फोनला हात लावेल तो मेला!"

विद्याधर शोधसूत्र वाचायचे आणि ज्याला आधी सुचेल त्याचा शब्द. छातीतली धडधड महिन्याभरात थांबली. कितीतरी दिवसांनी त्यांना सकाळ आवडायला लागली.

पण राजाराम जिंकायचा. आधी आधी बरोबरी व्हायची. मग विद्याधरांचं सूत्र वाचून संपायच्या आत तो शब्द फेकायला लागला. वर टोमणा ठरलेला, "झोपलास काय रे? डोक्यात गंज चढला तुझ्या!"

विद्याधर हसायचे, पण आतून हलायचे. शेवटच्या वर्षांत त्यांच्या आईने त्यांनाच विचारलं होतं, "आपण कोणाकडे आलात?" आपलंही तसंच होईल, ही भीती तेव्हापासून घर करून होती. त्यात सगळी नोकरी कारखान्याच्या टूलरूममध्ये गेलेली. तयार झालेला भाग मापाच्या गेजला लावायचा, बसला तर ठीक, नाहीतर बाद. तसं ते रोज सकाळी स्वतःला राजारामाला लावून बघत होते. एकाच वयाचे, एकाच शाळेतले दोघे. आणि रोज ते स्वतः कमी भरत होते.

शेवटी त्यांनी मुलीला, अपूर्वाला, सांगितलं. नात गार्गी दुपारी शाळेच्या बसने त्यांच्याकडे यायची. वरणभात खाऊन त्यांच्याच टकलावर स्टिकर चिकटवायची. अपूर्वा ऑफिसातून येईपर्यंत घर तिचंच असायचं.

"तिला पाळणाघरात घाल," विद्याधर म्हणाले. "एक दिवस बस यायची आणि मी विसरायचो. पोर गेटवर उभी राहील."

"बाबा, काहीतरीच काय! तपासून तरी घेऊ."

"नको. मला कळतंय ना."

तपासणीचं नाव निघालं की ते विषय बदलायचे. जूनपासून गार्गी अपूर्वाच्या ऑफिसजवळच्या पाळणाघरात जायला लागली. पहिल्या दिवशी बाकावर हे सांगताना विद्याधरांना रडू फुटलं. राजारामाने थर्मासमधून चहा ओतला आणि म्हणाला, "बरं केलंस. जबाबदारी असते रे पोरीची. वय झालं आपलं."

श्रावणातल्या एका सकाळी विद्याधरांनी पेपर उघडला आणि ते पहिल्याच सूत्रावर थांबले. पहिला आडवा शब्द: जहाजांना वाट दाखवणारा. दीपस्तंभ. हे तर कालचं! की आपल्याला तसं वाटतंय? ते घाबरून खाली खाली वाचत गेले. एकेक चौकोन डोळ्यांसमोर भरत गेला. कालचेच शब्द, सगळे, कालच्याच जागी. छापणाऱ्यांनी जुनं कोडं पुन्हा टाकलं होतं.

शेजारी राजाराम पाय हलवत बसला होता. पेपर त्याने पाहिलाच नव्हता.

"अडकलास? पहिल्यालाच?" तो खुशीत म्हणाला. "अरे येड्या, खलबत्ता! कुटायचं भांडं!"

विद्याधरांनी पुन्हा कोडं पाहिलं. त्यात कुठलंच भांडं नव्हतं.

"राजा, हे कालचं कोडं आहे. चुकून छापलंय. तुझं खलबत्त्याचं कोडं कुठलं?"

राजारामाचे पाय थांबले.

"मोबाइलवर पेपर पहाटेच येतो. त्यात आजचं कोडं आलंय," तो म्हणाला. "गीझर तापेपर्यंत बघतो. अडलं तर शोधतो. खाली कधी आणला का मी फोन? सांग ना!"

"कधीपासून?"

"आठवत नाही रे. गंमत म्हणून सुरू केलं. तुझं तोंड बघायला मजा यायची."

"आणि गार्गीचं सांगितलं तेव्हा?"

"तेव्हा... सांगणार होतो यार. पण तू रडत होतास. त्यात कसं सांगू?"

"म्हणून 'बरं केलंस' म्हणालास?"

विद्याधरांनी थर्मासचं झाकण लावलं. चहा अजून ओतलाही नव्हता.

वर जाऊन त्यांनी आधी फ्रिजवरचा फोन उचलला. सकाळी सकाळी बाबांचा फोन आल्याने अपूर्वा घाबरली, मग सगळं ऐकून राजारामकाकांवर भडकली. पण गार्गीचा विषय काढल्यावर तिचा आवाज मऊ झाला. "बाबा, तिचा ग्रुप झालाय तिथे. नाचात पण घेतलंय. आता परत उचलून आणायचं म्हणजे... बघू ना दिवाळीनंतर." मागून गार्गीचा आवाज आला, "आई, माझे घुंगरू!" आणि फोन ठेवला गेला.

दुसऱ्या दिवशी विद्याधर बाकावर येऊन बसले. थोड्या वेळाने राजाराम आला. त्याने लेंग्याचे दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. "बघ. काही नाही."

"ते रोजच रिकामे होते," विद्याधर म्हणाले.

राजाराम तरी बाकाच्या टोकाला टेकला आणि विद्याधर सूत्र वाचतील म्हणून थांबला. विद्याधरांनी पेपर मांडीवर घडी करून घेतला, पहिलं सूत्र मनात वाचलं आणि शब्द लिहिला. मग दुसरा. राजाराम खाकरला. विद्याधरांनी तिसरं सूत्रही मनातच वाचलं.