मंगळवारी खाल्लेली भाकरी

आपल्या भक्तीतच काही चुकत असेल, अशी शंका मला त्या वर्षी पहिल्यांदा आली. लढाईचे दिवस होते. कर्जतच्या बाजूला आमचं गाव, माझं वय सतरा. आदल्या वर्षी आठव्या महिन्यातच मला मुलगी झाली होती. ओंजळीत मावेल एवढी. दूध ओढायचीही ताकद तिच्यात नव्हती; तिसऱ्या दिवशी गेली. पोर पोटात वाढलं की बाळंतपण अडतं, म्हणून सासूबाई मला हात आखडूनच वाढायच्या. ते मायेपोटीच, कारण त्यांची स्वतःची लेक अडून गेली होती.

पुन्हा दिवस राहिले तेव्हा मी राशीनच्या देवीला नवस बोलले, की हे मूल जगू दे, ते होईपर्यंत मंगळवार, शुक्रवार, एकादशी, चतुर्थी कडक उपास करीन. मी मुळात हट्टी. थंडीताप येऊन गेला तरी एक उपास मोडला नाही आणि खरं सांगायचं तर त्याचा मला ताठाही होता.

सातव्या महिन्यात एका मंगळवारी सासूबाईंबरोबर बैलगाडीनं राशीनला गेले. देवळाबाहेर लिंबाखाली मला घेरी आली. तिथं मोटारीची वाट बघत एक नर्सबाई बसली होती, गळ्यात क्रूस. तिनं माझ्या तोंडावर पाणी मारलं, पापणी खाली ओढून पाहिली, पायावर बोट दाबलं. खड्डा तसाच राहिला. मग वय किती, पहिलं बाळंतपण कधी झालं, ताप येतो का, पाणी किती लांबून आणतेस, असं एकेक विचारत गेली. म्हणाली, अंगात रक्तच नाही, असंच चाललं तर हेही पहिलीसारखंच होईल. तिनं आपली भाकरी पुढे केली. मी नवसाचं सांगितलं.

"नवस तू बोललीस, पोरी. पोटातल्यानं न्हाई बोललं. त्याला कशापायी उपाशी मारतीस?"

मला राग आला. देवीच्या दारात, उपासाच्या दिवशी, तेही किरिस्तावाच्या हातचं. सासूबाई नको म्हणतील याची मला खात्रीच होती. त्या उठल्या. मग आमच्याकडे पाठ करून देवळाकडे तोंड करून बसल्या.

"मी देवीकडं बघती हाय. माझ्या माघारी काय चाललंय, मला ठावं न्हाई."

मी रडत रडत भाकरी खाल्ली. आता तूच बघ, एवढंच देवीला म्हटलं. तोवर सगळं मीच करायला निघाले होते.

पाणी उचलू नकोस, थंडीताप आला तर कोयनेलची गोळी घे, गूळ-शेंगदाणे, पालेभाजी रोज खा, असं सांगून नर्सबाई मोटारीत बसली. नाव विचारायचं राहिलंच. देवीनं तिला तिथं बसवलं होतं की मोटारच उशिरा आली, मला माहीत नाही. मी दोघींचे उपकार मानते. घरी सासूबाई पाणी स्वतः भरू लागल्या आणि मी नको म्हटलं तरी दोनदा वाढू लागल्या.

मुलगी पुऱ्या दिवसांची झाली. अंगानं जरा बारीकच, पण रडली तेव्हा घर डोक्यावर घेतलं. सव्वा महिन्यानं तिला देवीच्या पायावर घातलं. मोडलेल्या नवसाची माफी मागायला म्हणून गेले होते. तोंडातून निघाली ती पहिलीची माफी. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "सर जरा. मला बी मागायची हाय."