पाण्यावरचं विमान आणि बाबांची तिरकी नजर

टोकियोत आमच्या निशी-कासाईच्या बिल्डिंगमध्ये भारतातून कोणाचे आई-वडील आले की त्यांचा कार्यक्रम आधीच ठरलेला असतो. पहिल्या शनिवारी असाकुसाचं देऊळ, दुसऱ्या शनिवारी फुजी, आणि मध्ये कधीतरी उरायासूला कोणाकडे तरी पोहे. माझ्या बाबांनी पहिल्याच सकाळी चहा पिता पिता हा कार्यक्रम मोडीत काढला.

"मला फ्लोटप्लेन बघायचंय," ते म्हणाले. "चाकांऐवजी खाली होड्या लावलेलं. जपानच्या दक्षिणेला एक शिल्लक आहे म्हणे. फुजी काय, कॅलेंडरवर असतो."

बाबा नौदलात ऑब्झर्व्हर होते. ऑब्झर्व्हर म्हणजे विमानात पायलटच्या मागे बसून समुद्र बघणारा, नकाशा सांभाळणारा, दिसेल ते जहाजाला कळवणारा. लोकांना पायलट तेवढा ठाऊक असतो, मागचा माणूस कोणाच्या खिजगणतीत नसतो, आणि निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी बाबांचा यावरचा राग गेलेला नाही. राग हा आमच्या घराण्याचा आजार आहे, हे पुढे वाचताना लक्षात असू द्या.

घाईचं कारण डोळे. बाबांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. समोरच्या माणसाचे कान दिसतात, नाक दिसत नाही. एक डोळा जवळजवळ गेलाच आहे आणि दुसराही त्याच वाटेवर आहे, असं पुण्याच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय. आयुष्यभर ज्या जातीच्या विमानांबद्दल वाचलं, त्यातलं एक तरी डोळे असेपर्यंत बघायचं, एवढीच त्यांची मागणी होती. मी ऑफिसात दोन दिवसांची रजा मागितली तर आमचे साहेब मोरिता-सान दात-ओठांमधून हवा आत ओढत म्हणाले, "नोव्हेंबरमध्ये जरा कठीण आहे." त्यांच्यासाठी बाराही महिने जरा कठीण असतात. मी रजा घेतली.

हानेदाहून कागोशिमाचं विमान दोन तासांच्या आत पोहोचतं. तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं, आम्ही ऐन वेळी काढलं आणि नवऱ्याने त्यावर काही न बोलण्याचं शहाणपण दाखवलं. कागोशिमात उतरलात की समोर साकुराजिमाचा ज्वालामुखी धूर सोडत बसलेला असतो, आणि वारा फिरला की शहरावर बारीक राख पडते. लोक छत्री उघडून कामाला जातात. छत्री घेऊन जा, टोपी पुरत नाही. आम्ही दोघांनी हा धडा केसांनी घेतला.

तिथून इबुसुकी छोट्या रेल्वेगाडीने तासाभरावर आहे. डाव्या हाताला बसा, कारण सगळा रस्ता डावीकडे समुद्र आहे. इबुसुकीला लोक गरम वाळूत स्वतःला पुरून घ्यायला जातात. बायका फावड्याने अंगावर वाळू ओढतात आणि तुम्ही डोकं बाहेर ठेवून उकडत पडता. बाबांना त्यात काडीचाही रस नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीला फ्लोटप्लेनं याच किनाऱ्यावरून उडत, म्हणून ते आले होते. खाडीचं पाणी शांत होतं. बाबा किनाऱ्यावर उभे राहिले आणि मान डावीकडे वळवून उजवीकडचं पाणी बघत राहिले.

हे त्यांचं बघणं मी इथे नीट सांगते, कारण पुढे त्यावरूनच वाजलं. मधलं दिसत नसल्यामुळे ते वस्तूकडे थेट बघत नाहीत. तिच्या बाजूला बघतात, म्हणजे ती नजरेच्या कडेला येते आणि दिसते. डॉक्टरांनी हे शिकवायला घेतलं तेव्हा बाबा म्हणाले, हे मला येतं. समुद्रावर रात्री टेहळणी करताना हेच शिकवतात. अंधारात जहाज शोधायचं असेल तर त्याच्या जरा शेजारी बघायचं.

संध्याकाळी स्टेशनजवळच्या खानावळीत किबिनागो नावाचे बोटाएवढे चंदेरी मासे मिळाले. बाबांनी दोन बशा संपवल्या आणि मग मला फ्लोटप्लेनांची गोष्ट सांगितली. रडार रुळण्याआधी जहाजाला क्षितिजापलीकडचं काही दिसत नसे. म्हणून मोठ्या युद्धनौकांवर ही छोटी विमानं ठेवत. दारूच्या स्फोटाने ती रुळावरून फेकायची. वर जाऊन त्यांनी शत्रू कुठे आहे ते बघायचं, आपल्या तोफांचे गोळे अलीकडे पडतायत की पलीकडे ते सांगायचं, मग जहाजाशेजारी पाण्यावर उतरायचं. जहाज वळण घेऊन त्यांच्यासाठी पाणी थोडं सपाट करून देई आणि क्रेनने त्यांना उचलून वर घेई.

"लढायचं विमान नव्हे ते," बाबा म्हणाले. "खाली एवढ्या होड्या लटकवल्यावर पळणार कुठे? त्याचं काम बघायचं आणि येऊन सांगायचं. जपान्यांकडे तर पुष्कळदा मागच्या खुर्चीतला ऑब्झर्व्हरच विमानाचा प्रमुख असे. त्यांना कळत होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बसने संग्रहालय गाठलं. दिवसात बस मोजक्याच आहेत, वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा. संग्रहालयाचं आणि गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही, कारण आता मी तक्रार करणार आहे.

आत शिरताच दुकान. तिथे आत्मघाती वैमानिक कपाळाला बांधत तसल्या पट्ट्या, लहान मुलांच्या मापातही. विमानाच्या आकाराची बिस्किटं. एकतर्फी मोहिमेवर पाठवलेल्या पोरांच्या नावाने बिस्किटं विकणाऱ्या माणसाला रात्री झोप कशी लागते, मला कळत नाही. बिस्किटाच्या विमानाला धड होड्याही नव्हत्या.

विमान मागच्या दालनात होतं. समुद्राच्या तळातून काढलेलं, गंजलेलं, तीन खुर्च्यांचं. आणि दालनात अंधार. भावपूर्ण वाटावं म्हणून खालून दोन पिवळे दिवे सोडलेले. ज्या माणसाला उजेडातही निम्मंच दिसतं, त्याने हजार किलोमीटर येऊन हा अंधार बघायचा. मी टॉर्च काढला तर पहारेकरी बाई दोन्ही हातांची फुली करून धावत आल्या.

बाबा दोरीपाशी उभे राहिले. मान फिरवून भिंतीकडे बघितलं, मग छताकडे, मग दाराकडे. विमानाकडे सोडून सगळीकडे. तेवढ्यात हिगाशी-सान आले. सत्तरीचे, टाय लावलेले, संग्रहालयाचे स्वयंसेवक वाटाडे. त्यांनी पाठ केलेलं भाषण सुरू केलं. शेवटी विमानं उरली नव्हती, म्हणून ही फ्लोटप्लेनंसुद्धा बॉम्ब बांधून ओकिनावाकडे अमेरिकी जहाजांवर आदळायला पाठवली, आत्मघाताला. तरुण मुलं हसत हसत गेली. मी जमेल तसं भाषांतर करत होते. मध्येच ते थांबले आणि अतिशय गोड आवाजात मला म्हणाले, "वडिलांना कंटाळा आलेला दिसतो. बाहेर बसायला बाक आहे."

ज्यांना हे जपानी अजून ऐकायला मिळालेलं नाही त्यांच्यासाठी अर्थ सांगते: आदर ठेवता येत नसेल तर निघा. माझं डोकं फिरलं. माझं जपानी बाजारहाट आणि सिस्टिम टेस्टिंगपुरतं आहे, भांडणापुरतं नाही, तरी मी भांडले. म्हटलं, यांच्या डोळ्यांचा मधला भाग गेलाय. हे कडेने बघतात. हे स्वतः नौदलाच्या विमानात मागे बसत. तुमचं विमान बघण्यासाठी हे भारतातून आलेत आणि तुम्ही अंधार करून ठेवलाय.

"काय म्हणतोय तो?" बाबांनी विचारलं.

"तुम्हाला कंटाळा आलाय म्हणतोय."

"त्याला सांग, रात्रीची टेहळणी अशीच करतात."

मी सांगितलं. हिगाशी-सान कानापर्यंत लाल झाले, खोल वाकले आणि निघून गेले. मिनिटभराने छतावरच्या सगळ्या ट्यूब लागल्या. सफाईच्या वेळचे दिवे. विमान एकदम खरं झालं: पत्र्याची भोकं, चिकटलेले शिंपले, वाकलेली पाती. पहारेकरी बाई काहीतरी म्हणाल्या, परत आलेल्या हिगाशी-सानांनी त्यांना हातानेच थांबवलं. बाबा दोरीच्या कडेने हळूहळू फिरले, भिंतीकडे तोंड करून. दोन फेऱ्या झाल्या. "दिसलं," ते म्हणाले. मला बरं वाटलं, आणि खरं तर आम्ही तेव्हाच निघायला हवं होतं.

"त्याला विचार," बाबा म्हणाले. "परत यायचंच नाही, तर मागचा माणूस कशाला नेला? तो कोणाला काय सांगणार होता?"

 हिगाशी-सान म्हणाले, सगळ्यांत नेत नसत, काहींत नेत. ऐकलंय ते असं की मागचा माणूस शेवटी वायरलेसची किल्ली, म्हणजे संदेश पाठवायचं बटण, दाबून धरे. तळावर एक लांबच लांब सूर ऐकू येई. सूर थांबला की इकडे वेळ लिहून घेत.

मी भाषांतर केलं. बाबांचा आवाज चढला तो तिथून.

"हा रिपोर्ट? स्वतःच्या मरणाची वेळ कळवायला माणूस पाठवला? ज्याचं काम परत येऊन सांगायचं, त्यालाच सांगितलं परत येऊ नको. आणि हसत गेले म्हणतो. कुणी बघितलं हसताना? मागच्याचं तोंड तर पुढच्या पायलटलाही दिसत नाही. सांग त्याला. सगळं सांग."

मी सगळं सांगितलं. आदरार्थी रूपं मला धड येत नाहीत, त्यामुळे ते जास्तच उघडंवाघडं झालं असणार. हिगाशी-सान म्हणाले, "ते वाक्य मला लिहून दिलेलं आहे." एवढ्यात सहलीचा एक गट आला. ट्यूब बंद झाल्या, पिवळे दिवे उरले. आम्ही दारापर्यंत पोहोचलो तेव्हा मागून हिगाशी-सानांचा आवाज आला. तरुण मुलं हसत हसत गेली.

बस यायला वेळ होता. मी शेडमध्ये फेऱ्या मारत मराठीत शिव्या घातल्या. दिवे लावणारा भला माणूस आणि ते वाक्य पुन्हा म्हणणारा माणूस एकच आहे, याचा मला जास्त राग आला.  

जावं का, असं बिल्डिंगमधल्या दोन-तीन घरांनी विचारलंय. जा. मुलांना घेऊन जा, दुकानातून त्यांचा हात धरून पुढे चला, आणि हसत गेले असं कोणी म्हणालं तर कोणी बघितलं ते विचारा. मुलं तुमच्यापेक्षा बऱ्या जपानीत विचारतील. मी घरी येऊन आठवडा झाला तरी ऑफिसात सर्व्हरचा बीप जरा लांबला की मान वर करते.

परत आलो त्या रविवारी बाबांनी फोन कार्ड घेऊन पुण्याला दिघेकाकांना फोन लावला. दिघेकाका म्हणजे बाबांचे पायलट, बाबा ज्यांच्या मागे वर्षानुवर्षं बसले ते. फोन स्पीकरवर होता, कारण बाबांना बटणं दिसत नाहीत. बाबांनी विमानाचं वर्णन केलं, होड्या, पंख, तीन खुर्च्या, काहीही न वगळता. किल्लीचंही सांगितलं. काका हळहळले. मग विषय बदलायला म्हणाले, "उतरताना तू मागून काय शिव्या घालायचास मला, आठवतंय?"

बाबा हसले नाहीत. "तू मला दरवेळी परत आणलंस रे," ते म्हणाले. "हे तुला कधी म्हणालो नव्हतो."

काका गडबडले. "त्यात काय? ते तर कामच होतं."

"तेच म्हणतोय मी," बाबा म्हणाले. "ते काम होतं."