साहेबांच्या पोटाचं वर्णन

माझी ही फजिती माझ्याच तोंडून ऐकून घ्या. दुसरा कोणी मीठमसाला लावून सांगेल, आणि त्याला तेवढी जागा मी ठेवलेलीच नाही.

गोंदियात सायबर कॅफेत ताटकळत फॉर्म भरायचे दिवस होते. मी एका सरकारी ऑफिसात कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर. एक दिवस वरून पत्र आलं : आपली वेबसाइट अंध लोकांनाही वापरता आली पाहिजे, प्रत्येक फोटोमागे त्याचं वर्णन लिहा. साहेबांनी पत्र माझ्याकडे सरकवलं आणि आठवड्याची मुदत दिली.

आता हे वर्णन लिहायचं कुठं? तर आतल्या एका चौकटीत. स्क्रीनवर ते दिसतच नाही! मी म्हटलं, जे दिसत नाही ते वाचणार कोण? पहिले दहा फोटो इमानदारीनं लिहिले. मग कंटाळलो. जिकडेतिकडे हार नाहीतर फीत. अकराव्यापासून जे दिसून राहिलं होतं, तेच लिहीत सुटलो.

काम वेळेत झालं. साहेब इतके खूश, की तपासणीला त्यांनी दवनीवाड्याचे रामटेके सर बोलावले. सर शाळेत शिकवायचे, जन्मापासून अंध. त्यांच्या लॅपटॉपमध्ये स्क्रीनवरचं सगळं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर होतं. सगळा स्टाफ जमला. स्पीकरची वायर मीच जोडली. आवाज मोठा केला, तोही मीच.

सरांनी मधलंच एक पान उघडून बटण दाबलं. मशीन बाईच्या आवाजात बोलली, "वृक्षारोपण. खड्डा मजुरांनी खणला, साहेबांनी फक्त हात लावला. पोट फोटोत मावलं नाही."

ती चौकट कोणासाठी होती, ते मला तेव्हा कळलं.

सरांना वाटलं, काहीतरी चुकलं. त्यांनी पुढचा फोटो घेतला. "स्वच्छता दिन. डावीकडून तिसरे बडे बाबू, उभ्या उभ्या झोपलेले."

आमचे हेडक्लार्क, ज्यांना सगळे बडे बाबू म्हणायचे, ते खुर्चीत दचकून जागे झाले.

साहेबांनी विचारलं, हे कोणी लिहिलं. कंत्राटी माणसाला घरी पाठवायला कागदसुद्धा लागत नाही. मी ठोकून दिलं, की काम नागपूरच्या एका एजन्सीकडून करवून घेतलं, उद्याच नोटीस काढतो.

मला वाचवलं सरांनी. ते शांतपणे म्हणाले, "राहू द्या साहेब. बाकीच्या साइटींवर मला नुसतं 'फोटो एक, फोटो दोन' ऐकू येते. आज पहिल्यांदा कार्यक्रमात बसल्यासारखं वाटून राहिलं."

साहेब जरा निवळले. मी सुटलोच होतो हो!

पण सरांना आता गोडी लागली होती. त्यांनी कर्मचाऱ्यांचं पान उघडलं. मशीन बोलली, "संगणक चालक. तरतरीत, देखणा, रुबाबदार. हे ऑफिस ह्या एकट्याच्या जिवावर चालते."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. सरांचीसुद्धा, आणि अगदी नेमकी.

साहेब तोंड उघडणार, तेवढ्यात दारात बसलेल्या शिपाई सुकवंताबाईनं मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाली, "आतापर्यंत मशीन बराबर सांगून राहिली होती, साहेब. इथंच बिघडली."